तारेवरचे तीन मणी

आमच्या पूल क्लबात टेबलाच्या वर तार ताणलेली आहे आणि तिच्यात लाकडी मणी ओवलेत. एक डाव जिंकला की आपला एक मणी सरकवायचा. ज्याचे पाच आधी झाले, त्याचा सामना. कच्च्या खेळाडूला काही मणी सुरुवातीलाच सवलतीचे मिळतात. कुणाला किती, ते माझे साडू ठरवतात. मला एक मिळायचा. बायको गेल्यावर एकाचे तीन झाले.

मला कुणी काही सांगितलं नाही. मी पोचायच्या आत तीन मणी सरकलेले असायचे आणि सगळे क्यूच्या काठीला खडू घासत दुसरीकडे बघायचे.

मी शिलाई मशिनं दुरुस्त करतो. पूल बेताचाच खेळतो. तरी चार महिन्यांत सलग नऊ सामने जिंकलो. जिंकणाऱ्याची सवलत कमी होते असा नियम आहे. माझी होईना. या रविवारी मी हरायचं ठरवूनच गेलो.

समोर प्लंबर होता. आपण नेम धरला की कानाशी येऊन काहीबाही बोलायची त्याची जुनी सवय. आम्ही त्याला माशी म्हणायचो. गेले चार महिने मात्र तो दवाखान्यात भेटायला आल्यासारखा उभा राहायचा.

चार-चार झाले. शेवटच्या डावात टेबलावर फक्त काळा चेंडू उरला. तो घालेल तो जिंकला, आणि तोही पॉकेटच्या तोंडाशी लोंबता. फुंकर मारली तरी पडला असता. मी सफेद चेंडू त्याच्या बाजूने काढला. प्लंबरने सफेदच पॉकेटात घातला. मी पुन्हा चुकवलं. त्यानेही चुकवलं. असं तीनदा झालं.

"दोघंही लंगडताय," साडू खुर्चीतून म्हणाले. सवलत वाढावी म्हणून मुद्दाम हरणाऱ्याला आमच्याकडे लंगडा म्हणतात. दोन आठवडे बाहेर बसवतात.

"लंगडत नाही. मला हरायचंय," मी म्हणालो.

"मलाही," प्लंबर म्हणाला.

"तुला कशाला?"

त्याने साडूंकडे पाहिलं. "वहिनींचा दम आहे. हरलात की तुम्ही जेवत नाही म्हणाल्या. तुम्हाला जो हरवेल त्याच्या घरी येऊन बघते म्हणाल्या."

वहिनी म्हणजे माझी मेव्हणी. मी साडूंकडे वळलो. "आणि तुम्ही ऐकलंत?"

"मला रोज त्याच घरी जायचं असतं," साडू म्हणाले.

मी क्यू टेबलावर ठेवला. "ही असताना मी जिंकून गेलो की दारातच विचारायची, फुकटचे किती? मी एक म्हणालो की तो वजा करायची. पाच-चारचे चार-चार. मग म्हणायची, सामना संपलेला नाही, परत जा. आता ती वजाबाकी मी करतो. पाचातून तीन गेले की दोन, समोरच्याचे तीन-चार. नऊच्या नऊ सामने मी हरलोय, आणि जेवलोयही."

साडू उठले आणि त्यांनी माझे दोन मणी मागे घेतले.

"तिसरा?" प्लंबरने विचारलं.

"तो राहू दे. तो हक्काचा आहे," साडू म्हणाले.

तो सामना मोडून नवा लावला. मी पहिला नेम धरला तेवढ्यात प्लंबर कानाशी आला. "दादा, सुईत दोरा ओवताय का? चष्मा आणू?"

चेंडू भलतीकडे गेला. पुढचाही गेला, कारण डोळे भरले होते.

"रडून मणी मिळत नाहीत," तो म्हणाला.

पाच-तीन हरलो. साडू एकटे घरी जायला तयार होईनात, म्हणून मी बरोबर गेलो. मेव्हणीने दार उघडलं आणि आमची तोंडं पाहिली.

"हरलात?"

"हरलो."

ती नवऱ्याकडे बघायला लागली.

"भूक लागलीय," मी म्हणालो आणि हात धुऊन बसलो. भाजीत मीठ जास्त होतं. दोघी बहिणींचा हात सारखाच. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा कुठे साडूंनी पहिला घास तोंडात घातला.