इंजिन कशानं गेलं

मास्तरांच्या गाडीचं इंजिन भर चौकात जाम झालं, तेव्हा मागच्या सीटवर त्यांची नात बसलेली होती आणि समोरून मालाचा ट्रक येत होता. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक लावला, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या आणि निघून गेला. नातीने त्या घरी येऊन जशाच्या तशा म्हणून दाखवल्या, त्यामुळे प्रसंग दडपता आला नाही.

मास्तर म्हणजे तंत्रशाळेत उभी हयात इंजिनं शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी उघडणार, मी शोधणार, मीच बांधणार," असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे संशयित आणि तपास अधिकारी एकच. अशा चौकशांत सहसा कुणीच दोषी सापडत नाही, हे त्यांच्या जावयाला चांगलं ठाऊक होतं. तो एका कंपनीच्या तक्रार विभागात होता.

त्याच्या बायकोला, म्हणजे मास्तरांच्या मुलीला, हे असं चालणार नव्हतं. शनिवारी संध्याकाळी भांडी विसळता विसळता ती नवऱ्याला म्हणाली, "दोष गाडीचा असेल तर गाडी दुरुस्त करू. बाबांचा असेल तर पोरीला पुन्हा त्यांच्याबरोबर पाठवायची नाही. तू उद्या शेजारी उभा राहा आणि बघ."

"मला पिस्टन आणि पाण्याचा पेला यांतला फरक कळत नाही."

"पिस्टनकडे नको बघूस. बाबांकडे बघ."

त्या रात्री जावयाला झोप अशी लागली नाही. सासूबाई गेल्यापासून नातीला शाळेत सोडणं आणि आणणं एवढंच मास्तरांच्या दिवसात उरलं होतं. त्यासाठी ते सकाळी दाढी करत, बूट पुसत. ते काढून घ्यायचं, तर घेणारा कोण? मुलगी रडेल, नात रुसेल, आणि बातमी सांगायला जावयालाच पुढे ढकलतील. जावयाचा वापर असाच होतो.

रविवारी सकाळी मास्तरांनी शेडमध्ये इंजिनाचं हेड उतरवलं आणि पहिला पिस्टन खालून ठोकत वर काढला.

"या जावईबापू. लांबून काय बघताय? तो चावत नाही."

जावई पुढे झाला. पिस्टन खरोखरच पेल्यासारखा दिसत होता.

"आधी डोकं बघायचं. भोक आहे? कडा वितळलीय?"

"नाही."

"म्हणजे पेट्रोल बरोबर, ठिणगीची वेळ बरोबर. रिंगा अखंड. आता खालचा घेर." मास्तरांनी अंगठा पिस्टनच्या अंगावरून वरून खाली फिरवला आणि मध्येच थांबवला. "ओरखडे आहेत. मधोमध असते तर तेल कमी पडलं म्हटलं असतं. हे या आडव्या पिनेच्या भोकाच्या दोन्ही अंगांना आहेत, चारही कोपऱ्यांत. म्हणजे काय?"

"म्हणजे... वर कळवावं लागेल?"

"म्हणजे तापलं, महाराज! पिस्टन फुगला, सिलिंडरला घासला आणि अडकला."

जावयाने मनात हिशोब मांडला. तापलं म्हणजे आधी गाडीतला तापमानाचा काटा वर गेला असणार, आणि काट्यासमोर एकच माणूस बसलेला होता. मास्तरांनी रेडिएटर पाहिला, पाइप चाचपले आणि शेवटी थर्मोस्टॅट काढून विजेच्या किटलीत टाकला. उकळत्या पाण्यात त्याने तोंड उघडायला हवं होतं. ते मिटलेलंच राहिलं.

"सापडला चोर!" मास्तर ओरडले. "पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नव्हता, लबाड! माझा काय दोष?"

जावयाने सुटकेचा श्वास घेतला, पण तो अर्ध्यावरच राहिला. मुलगी दारात येऊन उभी होती.

"पण बाबा, तापलं तेव्हा काटा लाल पट्ट्यावर गेला असेल ना?"

"गेला असता तर मला दिसला असता. काटाच मेलेला असणार."

"मग तेही बघूया."

"बघूया की!" मास्तर खुशीत म्हणाले. घाबरायचं काम त्यांनी बहुधा जावयावर सोपवलं होतं.

काट्यापासून एक बारीक नळी इंजिनाकडे येत होती आणि तिच्या टोकाला पितळी बोंडी होती. जावयाने बॉनेटपाशी उभं राहून ती किटलीत बुडवायची, मास्तरांनी गाडीत बसून काटा बघायचा, असं ठरलं. एखादी वस्तू बिघडलेलीच निघावी म्हणून जावई आयुष्यात प्रथमच देव पाण्यात घालून बसला होता. पाणी गडगडायला लागलं. वाफेने त्याची बोटं भाजत होती.

"उकळतंय का, जावईबापू?"

"खदखदतंय, बाबा!"

"जागचा हललेला नाही! मेलाय, साफ मेलाय!" पहिला नंबर आलेल्या मुलाचा आवाज होता तो.

जावई मोठ्याने हसला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. ती गाडीच्या खिडकीत वाकली होती. हसत नव्हती. तिने काट्याकडे पाहिलं, वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"बाबा, काटा कुठे आहे? बोट ठेवा बरं."

मास्तरांनी काचेवर बिनधास्त बोट ठेवलं, जिथे गार गाडीत काटा वर्षानुवर्षं असायचा तिथेच. "हा काय, इथे."

तिने त्यांचं बोट धरलं आणि काचेवरून हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. "इथे आहे बाबा. लालमध्ये."

मास्तर पुढे वाकले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, काढला. नाक स्टिअरिंगला टेकलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दिसतं गं. कडेचं सगळं दिसतं. मधलं जरा पुसट होतं, एवढंच."

"चौकातला ट्रक?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्याचा आवाज आला होता," ते म्हणाले.

बॉनेटमागे जावई बोंडी धरून उभा राहिला. ती बाहेर काढावी की नाही, हे विचारायचीही त्याला सोय राहिली नव्हती.

"शाळेत कोण सोडेल तिला?" मास्तरांनी विचारलं.

"मी सोडेन. तुम्ही शेजारी बसा."

"शेजारी," मास्तर म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी हाक मारली, "जावईबापू, काढा ती पाण्यातून! आणि तू सांग गं, आता कुठे आहे?"

"उतरायला लागलाय."

"एकदम?"

"नाही, हळूहळू. लाल सोडलं... आता मधल्या रेघेवर आलाय."

मुलगी काटा वाचून दाखवत राहिली आणि मास्तर समोर बघत मान हलवत राहिले.