माझे निम्मे गुण कुठे गेले?

मित्रांनो, पडद्यावर तुम्हाला जो उजेड आणि ज्या सावल्या दिसतात, त्या क्षणोक्षणी रंगवणारे मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. माझ्या अंगावर दोन पंखे आहेत. त्यांतला एक हल्ली कण्हतो.

कारखान्यातून निघताना माझी चाचणी झाली. एक देखावा माझ्याकडून भराभर रंगवून घेतला आणि मला चांगले गुण दिले. मग मी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी आले. त्यांची पत्नी नुकतीच वारली होती. त्यांची मुलगी संगणकावर इमारतींची चित्रे करायची. तिच्याकडून शिकून त्यांनी संगणकात एक खोली उभी केली. खिडकी, पडदा, वेताची खुर्ची, खुर्चीवर घडी केलेली शाल. बाहेर जशी वेळ, तसा त्या खोलीत उजेड. माणूस काढणे त्यांना कधीच जमले नाही, म्हणून खुर्ची रिकामी. संगणक सुरू होताच ती खोली आपोआप उघडेल, अशी सोय त्यांनी केली होती.

पुढे शिक्षकही गेले. ज्या दुसऱ्या पडद्यावर ती खोली दिसे, तो पडदा कोणीतरी काढून ठेवला. संगणक मुलीच्या हाती आला. मी मात्र खोली रंगवतच राहिले. पाहणारे कोणी नव्हते, तरी सकाळ झाली की तिथे सकाळ करत होते.

एकदा खुर्चीपाशी मला सावली दिसली. ती मी रंगवली नव्हती.

त्याच सुमारास मुलीच्या कार्यालयाने कळवले की संगणकाला चाचणीत ठरलेले गुण मिळाले, तरच तिला घरून काम करता येईल. नाहीतर तिला आईवडिलांचे घर विकून दूरच्या शहरात जावे लागणार होते. तिने चाचणी घेतली. माझे गुण निम्मेच आले.

संगणक दुरुस्त करणारा तिचा आतेभाऊ आला.

"ताई, म्हातारं झालंय हे कार्ड. भंगारात काढ."

"तुझं टक्कल पडलं, तेव्हा तुला काढलं का आम्ही?"

तो हसला आणि कामाला लागला. माझ्या पंख्यांतली धूळ झाडली. माझ्या डोक्यावरचा, उष्णता बाहेर नेणारा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. विजेची जोडणी घट्ट केली. गुण काही वाढेनात. मामांनी संगणकात ठेवलेले काही पुसायचे नाही, असे त्याने आधीच ठरवले होते, म्हणून आतल्या गोष्टींना त्याने हातच लावला नव्हता. शेवटी मी काय काम करते आहे, ते त्याने पाहिले.

"अगं, चाचणी तर सुरूच केली नाही. तरी हे एवढं राबतंय."

"कशासाठी?"

"कोणासाठी, ते विचार." हे तो थट्टेत म्हणाला.

लपलेली खोली त्याने ओढून समोरच्या पडद्यावर आणली. आत दुपारचा उजेड होता. खुर्ची रिकामी नव्हती. शाल पांघरून कोणीतरी पाठमोरे बसले होते. शेजारी, खिडकीपाशी, आणखी कोणी उभे होते.

"मामांनी माणसं झकास काढलीत की!"

"बाबांना माणूस काढता येत नव्हता रे."

भावाने हात उचलून मांडीवर ठेवले. माझा पंखा कण्हत होता.

"बंद करू का, ताई?"

"थांब." ती पडद्याजवळ सरकली. "आई, बाबा, हे घर मला राखायचंय. तुमची खोली बंद करावी लागेल. येते हं मी." निरोप घेताना 'जाते' म्हणायचे नसते, हे ती अशा वेळीही विसरली नाही.

खिडकीपाशी उभ्या असलेल्याने हात वर केला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. खोलीत अंधार झाला. मित्रांनो, मला तसा हुकूम कोणीही दिला नव्हता. भावाचे हात तर मांडीवर होते.

खोली आपोआप मिटली. पुढच्या चाचणीत मला सगळे गुण मिळाले आणि घर राहिले.

म्हणून विनवते, आमची धूळ वेळच्या वेळी झाडत जा. आमचे बळ कमी पडले तर लगेच टाकून देऊ नका. आम्ही कोणाचे काम करत आहोत, ते आधी पाहा. आणि ते थांबवायचेच असेल, तर त्यांना नीट सांगून थांबवा. ते ऐकत असतात.