सतरा नंबरवाली

"बाई, तुमी मला परत त्याच शाळंत घातलं?"

निकिताने रोपांचा ट्रे खाली ठेवला, पण लीनाबाईंकडे पाहिलं नाही. तोंडी परीक्षेचं वेळापत्रक हातात पडल्यापासून ती तीन दिवस वर्गाला आली नव्हती. म्हणून बाई स्कूटी काढून थेट राहुरीबाहेरच्या या रोपवाटिकेत आल्या होत्या. येताना चांगलं झापायचं ठरवलं होतं. आता झापायचं कुणाला?

निवृत्त झाल्यापासून लीनाबाई आपल्या पडवीत शाळा सुटलेल्या मुलामुलींना शिकवत. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून दहावीला बसायचं. फॉर्म बाई स्वतः भरत, कारण मुलांनी भरला तर जन्मतारखेपासून घोटाळे. यंदा घोटाळा बाईंनीच केला होता. तोंडीसाठी केंद्र निवडताना चालत जाता येईल म्हणून त्यांनी निकिताची जुनीच शाळा टाकली. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण 'घरगुती अडचण' होतं. दाखल्यांवर असंच लिहितात, हे तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईंना कळायला हवं होतं.

"काय झालं होतं गं तिथे?"

"वाचाया उभं केलं हुतं. मला अक्षरं लवकर लागत न्हाईत, तुमाला ठावं हाय. सर म्हनले, धडा संपल्याबिगर बसायचं न्हाई. मधली सुट्टी झाली तरी उभीच. समदा वर्ग हसत हुता. दुसऱ्या दिशी गेलेच न्हाई."

बाईंनी उभ्या उभ्या केंद्रावर फोन लावला. आता काही बदलत नाही, असं उत्तर आलं.

"चूक माझी आहे, निकिता. पण उद्या गेली नाहीस तर वर्ष जाईल."

शेजारच्या वाफ्यातून तिची आई आक्काबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना, बाई. म्याट्रिक झाली म्हंजी रोपं काय जास्त वाढत्यात व्हय?"

बाईंना हसू आलं आणि रागही आला. दहावी झाली की निकिताला कृषी पदविकेला जायचं होतं. पानामागची कीड पोरीला मालकाच्या आधी दिसे. असल्या पोरीने आयुष्यभर नुसते ट्रे भरायचे?

"किती वाजता हाय?" निकिताने एकदम विचारलं.

"अकराला. मी येते बरोबर."

"न्हाई. तुमी आल्या तर बाईचं बोट धरून आली म्हनतील. मी एकलीच जाते."

बाईंनी कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी साडेदहालाच त्या शाळेच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. या वयात हे असं चोरून उभं राहणं! पण पाय घरी थांबेनात.

"सतरा नंबरवाली कोण हाय? चल आत," शिपायाची हाक ऐकू आली. मग खिडकीतून निकिताचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. 'पर्जन्यमापक' शब्दाशी तो अडला.

शब्द बाईंच्या ओठांवर आला. अडलेल्या मुलाला शब्द पुरवायची त्यांना जन्माची खोड. त्यांनी पदराने तोंड दाबून धरलं. आत बसलेल्या मुलांपैकी कुणीतरी खुसखुसलं.

"ठीक आहे, बस," एक पुरुषी आवाज म्हणाला.

"न्हाई सर, अजून राहिलंय," निकिता म्हणाली. "मी वाचते."

पर्… पर्जन्… पर्जन्यमापक. खुसखुस थांबली. आवाज पुढे निघाला, अडखळला, पुन्हा निघाला आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेला. बाईंचे डोळे भरून आले. ती बाहेर यायच्या आत त्यांनी स्कूटी ढकलत रस्त्यावर नेली आणि तिथे जाऊन सुरू केली.

संध्याकाळी निकिता पडवीत येऊन बसली. नखांतली माती तिने आज खरवडून काढली होती.

"कसं झालं गं?" बाईंनी विचारलं.

"वाचलं."

"सगळं?"

"समदं. सर बस म्हनले, तरी बसले न्हाई."

"अगंबाई!" लीनाबाई म्हणाल्या. "सांग ना मग. पहिल्यापासून सांग."