ठसेबाईंची बदली

त्या दिवसांत संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत इतका गारठा असे की भर उन्हाळ्यात बाई स्वेटर घालून बसत. माणसांना घाम फुटला तरी चालेल, यंत्राला फुटता कामा नये, असा त्या काळचा न्याय होता. खोलीला एकच खिडकी होती आणि तिलाही ऊन येऊ नये म्हणून जाड पडदा लावलेला. बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, हे बाईंना चहावाल्याच्या किटलीवरून कळे.

बाईंना सगळा कारखाना ठसेबाई म्हणे. कारखान्यात सर्किट बोर्ड तयार होत, कुणाच्या लिफ्टसाठी, कुणाच्या वजनकाट्यासाठी, कुणाच्या दवाखान्यातल्या यंत्रासाठी. पूर्वी पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या चिकटवून बोर्ड आखत. त्या काळापासून बाई तिथे होत्या. मग संगणक आला आणि आखणी पडद्यावर गेली. पण पडद्यावर बोर्ड आखायचा तर त्यावर बसणारा प्रत्येक भाग आधी संगणकाच्या ओळखीचा असावा लागे. सॉफ्टवेअरबरोबर मोजकेच तयार भाग येत, बाकीचे ज्याचे त्याने घडवायचे. एकेका भागाचे दोन चेहरे असत. एक चिन्ह, विजेच्या जोडणीच्या नकाशात दिसायला. आणि दुसरा ठसा, म्हणजे त्या भागाचे पाय बोर्डावर नेमके कुठे रोवायचे, भोक केवढे पाडायचे, भोवती तांबे किती ठेवायचे. चिन्हाचा एक नंबरचा पाय ठशाच्या एक नंबरच्या पायाशी जुळला की भाग तयार. तो लायब्ररीत जमा होई आणि मग आखणी करणारे हवा तेव्हा उचलून वापरत.

लायब्ररीत बाईंशिवाय कुणी हात घालायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. सुरुवातीला बाईंना त्याचा कोण अभिमान! आखणी करणारी मोठमोठी मंडळी दाराशी येऊन, ‘बाई, एवढा एक भाग करून द्या ना,’ म्हणून आर्जवे करायची. बाईही मग हातातले काम सोडून, चष्मा नाकावर सरकवून, त्यांना हवे ते करून द्यायच्या. पण मानाने मिळालेली ती खुर्ची पुढे बाईंना अशी चिकटली की सुटता सुटेना.

यजमानांची बदली दुसऱ्या गावी झाली. मुलीची शाळा नुकतीच सुरू होत होती, आजी तिकडेच होती, म्हणून मुलगीही बापाबरोबर गेली. बाईंनी मागाहून जायचे ठरले. कारखान्याची एक शाखा त्या गावात होतीच. बाईंचा अर्ज मंजूरसुद्धा झाला, फक्त साहेबांनी एक अट घातली: लायब्ररी सांभाळणारे माणूस तयार करा आणि खुशाल जा. आता एवढ्यात जायचेच आहे म्हणून बाईंनी घर सोडले आणि भावाकडे मागच्या खोलीत मुक्काम ठोकला. बॅग काही त्यांनी कपाटात रिकामी केली नाही. रोज तिच्यातून साडी काढायची, धुऊन वाळवून परत तिच्यातच ठेवायची. उद्या निघायचेय अशा बेताने त्या राहत होत्या आणि असे राहता राहता मुलगी दुसरीत गेली.

माणसे तयार करायला बाईंनी कमी का कष्ट घेतले? पहिला आला तो हुशार होता, पण बाई आठवडाभर गावी गेल्या तेवढ्यात त्याने एका भागाची भोके इतकी बारीक पाडली की भागाचे पाय आत शिरेनात. सगळा माल परत. साहेबांनी फोन करून बाईंना बोलावून घेतले, मुलीचा ताप उतरायच्या आत. दुसरी आली तिचेही तेच. बाई समोर असल्या की काम चोख, बाई रजेवर गेल्या की घोटाळा. असे का होते हे साहेबांना कळत नव्हते आणि खरे सांगायचे तर बाईंनाही कळत नव्हते.

ते कळले वहिनीमुळे, तेही स्वयंपाकघरात. एका सुटीच्या दिवशी वहिनी ओट्यापाशी उभी राहून एकेक डबा उघडत होती आणि दाणकन बंद करत होती. बाईंनी विचारले, काय हवेय. वहिनी म्हणाली, मीठ. बाईंनी न बघता हात घालून मिठाचा डबा काढून दिला.

वहिनी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसू काही अगदी गोड नव्हते. म्हणाली, “माझ्या घरात मला मीठ मागावं लागतं, वन्सं. तुम्ही एवढं छान लावून ठेवलंयत सगळं की मला तुम्हाला जाऊ द्यायची भीतीच वाटते.”

भाऊ पेपरामागून म्हणाला, “जातेय कुठे ती? तिचे साहेब पण मीठच शोधतायत.”

दोघे हसली. बाईही हसल्या. पण पुढे भांडी विसळताना त्यांचे हात मध्येच थांबले. त्यांना आठवले की पहिला माणूस चहाला उठला की त्या हळूच त्याच्या खुर्चीत बसत आणि त्याच्या ठशातली चूक दुरुस्त करून ठेवत. बिचाऱ्याचे मन कशाला मोडा! दुसरीच्या वेळीही तसेच. काम साहेबांपर्यंत पोचे ते निर्मळ होऊन. साहेब खूश, शिकणारे खूश. आणि शिकणाऱ्याला आपण चुकलो होतो याचा पत्ताच नाही.

तिसरी आली तिला सगळे पेन्सिल म्हणत, कारण तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. दोन मुलांची आई, तपासणी विभागातून आलेली, बोलायला फटकळ. तिथे उभे राहून राहून पाय सुजत, म्हणून तिला बसून करायचे काम हवे होते. पहिल्याच दिवशी म्हणाली, इथे बसायला मिळतंय पण गोठायला होतंय, देवाने एक दिलं की एक काढतोच. बाईंना ती आवडली. जीव तोडून त्यांनी तिला शिकवले. माहितीपत्रक कसे वाचायचे, मापे कुठे शोधायची, चिन्ह आणि ठसा कसा जुळवायचा. आणि आपली जुनी पद्धतही: ठसा झाला की तो खऱ्या मापात कागदावर छापायचा आणि खरा भाग त्यावर ठेवून बघायचा. पाय खुणांवर बसले तर बसले, नाहीतर पुन्हा.

साहेबांनी सांगितले, दवाखान्याच्या यंत्राचा बोर्ड येतोय, त्यातला नवा जोड हिला एकटीला करू द्या. तो पार पडला की बाई, तुमचा बदलीचा कागद मी सही करून देतो. कागद त्यांच्या टेबलावर तयारच होता, काचेखाली. बाई त्यांच्या खोलीत गेल्या की नजर आपोआप तिकडे जाई.

जोड म्हणजे केबल खुपसायचा तो चौकोनी तुकडा, खाली पायांच्या दोन रांगा. पेन्सिलने दोन दिवस मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ठसा कागदावर छापला, जोड वर ठेवला, आणि तो असा चपखल बसला की तिने कागद उचलून बाईंच्या नाकासमोर धरला. “बघा. जन्माला आला तोच इथे बसायला.”

बाईंनी कागद हातात घेतला. पायांच्या खुणा बरोबर, भोके बरोबर, अंतरे बरोबर. मग त्यांनी माहितीपत्रक पुढे ओढले. आकृतीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की हे चित्र भाग उलटा धरून, खालच्या बाजूने पाहून काढले आहे. पेन्सिलने ते वरून पाहिलेले समजून जसेच्या तसे उतरवले होते. हात उताणा धरा आणि पालथा करा, अंगठा एकीकडचा दुसरीकडे जातो. तसेच हे झाले होते. दोन्ही रांगा सारख्याच, म्हणून जोड कागदावर बसला. पण एक नंबरचा पाय डावीकडे हवा तो उजवीकडे गेला होता. बोर्ड तयार होऊन वीज सोडली की ती नको त्या पायात शिरणार आणि पुढचे सगळे जळणार. बाईंची कागदाची पद्धत इतकी वर्षे कधी फसली नव्हती. आज तीच खोटी साक्ष देत होती.

पेन्सिल म्हणाली, “मी चहा घेऊन येते, तुमचाही आणते. साहेबांना सांगायचं ना झालं म्हणून?” आणि बाई काही बोलायच्या आत ती पायांत चपला सरकवून गेलीसुद्धा.

खोलीत संगणकाच्या पंख्याची घरघर तेवढी राहिली. पडद्यावर ठसा होता. तो आरशासारखा उलटवायचा म्हणजे दोन बटणांचे काम. पेन्सिल चहा घेऊन येईपर्यंत सगळे सरळ झाले असते. संध्याकाळी साहेबांची सही, आठवड्याभरात गाडी. मुलीचे दप्तर, तिची वेणी, तिच्या बापाने केलेला करपका स्वयंपाक, सगळे बाईंच्या डोळ्यांपुढे आले. त्या उठून पेन्सिलच्या खुर्चीत बसल्या. हात बटणांवर गेला.

आणि पुढचेही डोळ्यांपुढे आले. तिकडे गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत येणारा साहेबांचा फोन. पुन्हा उलटा काढलेला एखादा जोड, या वेळी सरळ करायला कुणी नाही. दवाखान्यातले यंत्र बंद पडलेले, पेन्सिल पुन्हा तपासणीत उभी, आणि आपण बॅग घेऊन पुन्हा याच खोलीत. न करावे तर आजच अडकलो, करावे तर नंतर. बाईंना खोलीतली हवा एकदम कमी पडल्यासारखी वाटली. त्यांनी पडदा बाजूला सारला. खिडकी उघडणारी नव्हतीच, काच भिंतीत पक्की बसवलेली होती. इतक्या वर्षांत ते त्यांच्या लक्षात आले नव्हते.

पेन्सिल दोन कप घेऊन आली तेव्हा बाई आपल्या जागी बसल्या होत्या, हात मांडीवर.

“एक नंबरचा पाय कुठेय?” त्यांनी विचारले.

पेन्सिलने पडद्यावर बोट ठेवले. बाईंनी जोड तिच्या हातात दिला आणि यावर दाखव म्हणाल्या. जोडाच्या अंगावर एका टोकाला बारीक त्रिकोण कोरलेला होता. पेन्सिलने तो पाहिला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा जोडाकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला. मग तिने माहितीपत्रक चाचपले आणि कोपऱ्यातली ओळ तिला सापडली.

ती ओळ तिने दोनदा वाचली. मग पेन्सिल अंबाड्यातून काढून तिने टेबलावर आपटली. “तुम्हाला जायचंच नाहीये, बाई. कुणी तयार झालेलं तुम्हाला बघवत नाही. एवढं दिसलं होतं तर नीट करून टाकायचं होतंत. कोण बघणार होतं?”

बाईंना तोंडात मारल्यासारखे झाले. उत्तरे चिक्कार होती. मुलगी दुसरीत गेली हे सांगता आले असते, रिकामी न केलेली बॅग सांगता आली असती. त्या म्हणाल्या, “तेच करत आलेय आजवर. म्हणून इथे आहे.”

तेवढ्यात साहेब दारात आले. चपला बाहेर, मोजे आत, नेहमीसारखे घाईत. त्यांनी बाईंना विचारले, जोड झाला का, आखणीवाले खोळंबलेत. बाईंनी मान पेन्सिलकडे वळवली. तिलाच विचारा, म्हणाल्या.

पेन्सिल खोटे बोलली असती तर बाईंनी काय केले असते, हे त्यांचे त्यांनाही पुढे कधी सांगता आले नाही. पण ती म्हणाली, ठसा उलटा काढलाय, माझ्या हातून झालंय, पुन्हा करते.

साहेबांनी दोघींकडे पाहिले. रागावले नाहीत, चांगले होते स्वभावाने, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नसे. ते बाईंना म्हणाले, “मग तुम्हीच करून टाका ना आज. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम. आणि बदलीचं आपण पुढच्या वर्षी बघू.”

“मी करणार नाही,” बाई म्हणाल्या. “ती करेल. आखणीवाल्यांना उद्यापर्यंत थांबू दे.”

“आणि बदली?”

“ती तयार होईपर्यंत थांबवा.”

साहेब चपला घालून आखणीवाल्यांकडे गेले.

संध्याकाळी बाईंनी बाहेरच्या टेबलावरून यजमानांना फोन लावला. तो मुलीने उचलला. शाळेत काय झाले, कुणाशी कट्टी झाली, आजीचा चष्मा कुठे सापडला, सगळे तिने सांगितले. आई, तू कधी येणार, हे मात्र तिने विचारले नाही. हल्ली ती ते विचारतच नसे. बाई सांगायला शब्द जुळवत होत्या, तो तिने फोन बापाकडे दिला. त्यांना बाईंनी एवढेच सांगितले की या खेपेला झाले नाही. ते हूं म्हणाले, आणि मग, स्वेटर घालत जा, म्हणाले.

त्या परत आत आल्या तेव्हा पेन्सिल अजून बसलेली होती. तिने ठसा उलटवला होता, आता दुसऱ्याच एका भागाची मापे ती पडद्यावर चढवत होती. बाईंनी मागून पाहिले. तिसऱ्या ओळीतले माप चुकले होते, दुरूनही दिसत होते. बाईंनी आपली खुर्ची ओढली, बटणांपर्यंत हात पोचणार नाही इतकी लांब, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून त्या तिच्याशेजारी बसून राहिल्या.