कागदी पिशव्यांचा दिवस

लूडीने पिशवीची चौघडी घातली, ती मुठीत चुरगाळली आणि गेटाशेजारच्या कचऱ्याच्या पिंपात कोंबली.

"अहो, ती फुकट आहे," गेटावरची मुलगी म्हणाली आणि गठ्ठ्यातली दुसरी पिशवी तिच्या हातात ठेवली. "प्रत्येकाला एक. आज पिशवी दिवस ना!"

"मला नकोय."

"घ्या हो. सगळ्यांनी एकदम काढायच्या आहेत. मजा येणारे."

मागून लोक रेटत होते. पिशवी हातात तशीच धरून लूडी आत आली. जाड, चकचकीत कागद होता. डोळ्यांची भोकं कारखान्यातूनच पाडून आलेली, कंपासने काढल्यासारखी गोल. त्यांच्याखाली छापलेलं हसू, या कानापासून त्या कानापर्यंत. मागच्या बाजूला फेरीमेन या बेसबॉल संघाची होडी आणि होडीवर सोनेरी मुकुट. तो मुकुट गेल्या शरद ऋतूतला, अजिंक्यपदाचा. एप्रिलच्या या पहिल्या मॅचला त्याचा झेंडा चढणार होता, आणि झेंड्याच्या आधी एमिल ह्रुस्का या माणसाचा, म्हणजे लूडीच्या वडिलांचा, सन्मान होणार होता. वडील फेब्रुवारीत वारले होते.

जिन्यापाशी चार-पाच तरुण पोरं डोक्यांत पिशव्या घालून उभी होती.

"ताई, एक फोटो काढता का आमचा?"

लूडीने फोन घेतला. "कधीपासून येता तुम्ही मॅचला?"

"गेल्या वर्षापासून! काय जबर टीम आहे ना?"

तिने नीट नेम धरला, पाच जोड बुटांचा फोटो काढला आणि फोन परत केला. पोरांनी तो बघेपर्यंत ती वर पोचली होती.

वर रॉनी उभा होता. तिचा भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. हातात हॉट डॉग, अंगात कोरी जर्सी. तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'ह्रुस्का'.

"आलीस! मला वाटलं, गाडी लावतानाच कुणाशी तरी जुंपली तुझी."

"ही कुठून आणलीस?"

"क्लबने दिली. तुझीपण आहे."

"ह्रुस्का कोण? पिचर का?"

"लूडी, आज नको."

"नाही, सांग ना. मी इतकी वर्षं बघतेय, मला आठवत नाही या नावाचा कुणी खेळलेला."

रॉनीने ओठांवरची मोहरी पुसली. "डॅडींचा सन्मान आहे. सगळं स्टेडियम त्यांच्यासाठी उभं राहणार. तुला अजून काय हवंय?"

"डॅडींचा पिशवी घातलेला तो फोटो वापरायची परवानगी तू दिलीस. मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माहीत होतं तुला."

रॉनीने हॉट डॉगचा घास घेतला. तो अठराव्या वर्षीच हे शहर सोडून गेला होता, आणि शहराबरोबर संघही. पुढे कितीतरी नाताळांना तो दुसऱ्याच एका, नेहमी जिंकणाऱ्या संघाची टोपी घालून घरी यायचा. वडील ती टोपी दारातच उतरवायला लावायचे. "कुत्र्याशेजारी ठेव तिला. त्यालापण नसेल चालत, पण तो बोलत नाही." गेल्या वर्षी फेरीमेन जिंकले तेव्हा रॉनीने शेवटचा गडी बाद होताच फोन केला होता. "डॅडी, आपण जिंकलो!" वडिलांनी रेडिओ बारीक केला होता. "आपण म्हणजे कोण रे?" एवढं विचारून फोन ठेवला होता.

रेडिओ, कारण स्टेडियममध्ये त्यांची जागा उरली नव्हती. हरण्याच्या वर्षांत तिसऱ्या बेसमागच्या ज्या रांगेत ते बसले, पावसात बसले, आजूबाजूला चिटपाखरू नसताना बसले, ती रांग संघ जिंकायला लागल्यावर तोडली गेली. तिथे आता काचेच्या खोल्या होत्या. काचेमागे लोक उभ्याउभ्या कोळंबी खात होते. मैदानाकडे त्यांची पाठ होती.

"मिस ह्रुस्का!" कानाला माईक लावलेली एक मुलगी धावत आली. ही केल्सी, क्लबची कार्यक्रमांची बाई. फोनवर ती तीन वेळा 'तुमचं दुःख समजू शकते' म्हणाली होती. "किती बरं वाटलं तुम्ही आलात! तुमच्या वडिलांची फिल्म आम्ही सगळ्यांनी पाहिली ऑफिसात. काय गमतीदार माणूस हो!"

"गमतीदार?"

"म्हणजे ती पिशवी! पहिली पिशवी त्यांचीच ना? मग सगळ्या शहरानेच घातल्या."

"ते गंमत करत नव्हते," लूडी म्हणाली. "मालकाने चांगले खेळाडू विकून खाल्ले होते. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. तो मालक म्हणजे तुमच्या आताच्या मालकांचे वडील."

"अगदी! म्हणूनच तर," केल्सी म्हणाली. तिचं हसू जराही हललं नाही. "ते दिवस संपले, हेच दाखवायचंय. तुम्ही दोघं होम प्लेटपाशी, बॅटरच्या जागेवर, उभे राहाल. फिल्म होईल. मग निवेदक म्हणतील, पिशव्या घाला. सगळे घालतील. मग एक, दोन, तीन, आणि सगळं स्टेडियम एकदम पिशव्या काढेल. तेवढ्यात झेंडा वर."

"मी पिशवी घालणार नाही."

केल्सीने क्षणभर विचार केला. "मग काढणार काय?"

रॉनीला हसू फुटलं. लूडीने त्याच्याकडे बघितलं, तसं त्याने ते हॉट डॉगबरोबर गिळलं.

मैदानाकडे जाणाऱ्या बोळात त्यांना थांबवून ठेवलं. बोळाच्या टोकाशी गवताचा हिरवा चौकोन दिसत होता. थंडी होती. लूडीने कोटाच्या खिशात हात घातले. एका खिशात ती पिशवी होतीच.

"डॅडींना आवडलं असतं हे," रॉनी म्हणाला.

"काय आवडलं असतं?"

"हा सगळा तमाशा. गुडघ्यावर थाप मारून हसले असते. आठवतं? अशी मारायचे की कुत्रं झोपेतून उठून भुंकायचं."

"तमाशा," लूडी म्हणाली. "तेव्हाही तू हाच शब्द वापरला होतास."

ती दहा वर्षांची होती, तो चौदाचा. त्या मे महिन्यात आईला पुरलं होतं. कबरीपाशी वडील ताठ उभे होते. डोळे कोरडे. मावशी मागे कुणाला तरी म्हणाली होती, "दगड आहे, दगड." आणि पुढच्याच आठवड्यात त्या दगडाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर किराण्याची तपकिरी पिशवी आडवी घातली, भाजी चिरायच्या सुरीने तिला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली आणि म्हटलं, चला मॅचला. तोंडाला भोक नव्हतं. रॉनी म्हणाला होता, "मी या तमाशात येणार नाही." लूडीला कुणी विचारलं नव्हतं.

अख्खा उन्हाळा ती त्यांच्या शेजारी बसली. संघ हरत होता. वडील प्रत्येक मॅचला नवी पिशवी करायचे. कालची कुठे गेली, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, "विरघळली. आत घाम येतो." मोरीखालच्या कचऱ्याच्या डब्यात ती तिला सापडली होती, गालांपाशी लगदा झालेली. पुढे इतर लोकही पिशव्या घालून यायला लागले, मग टीव्हीवाले आले, आणि शाळेत मुली तिला पाहून तोंडावर दप्तर धरायला लागल्या.

"डॅडी, सगळे हसतायत," ती एकदा म्हणाली होती.

"हसू दे त्यांना," पिशवीतून आवाज आला होता. "तू मॅच बघ."

तिने मॅच बघितली होती. पुढेही बघत राहिली, त्यांच्याबरोबर, वर्षानुवर्षं, संघ हरत असतानाही. तीही एक निष्ठाच होती, पण तिच्यात माया किती आणि राग किती, हे लूडीने कधी तपासलं नव्हतं. आईसाठी ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तो माणूस नऊ हरणाऱ्या पोरांसाठी तोंड झाकून बसतो. हे तिने त्यांना कधी तोंडावर म्हटलं नाही. फेब्रुवारीत, दवाखान्यात, म्हणायची वेळ आली होती. तेव्हाही तिने फक्त त्यांची उशी नीट केली.

"चला!" केल्सी म्हणाली.

उजेड एकदम अंगावर आला. निवेदकाने एमिल ह्रुस्का हे नाव चुकीच्या ठिकाणी जोर देऊन उच्चारलं. टाळ्या झाल्या. होम प्लेटपाशी चुन्याची पांढरी रेघ ताजी होती. रॉनीने हात वर करून चहूकडे हलवला. लूडीने खिशातले हात बाहेर काढले नाहीत. तिचं ठरलं होतं. उघड्या तोंडाने उभं राहायचं, कुणाकडे बघून हसायचं नाही, आणि संपलं की सरळ गेटाबाहेर.

मोठ्या पडद्यावर फिल्म सुरू झाली. आधी तो फोटो, पेपरात आलेला. मग चित्र हललं. हा टीव्हीचा तुकडा तिने कधीच पाहिला नव्हता. तिसऱ्या बेसमागची रिकामी रांग, आणि मधोमध डोक्यात पिशवी घातलेला माणूस. शेजारी दोन वेण्यांची मुलगी, कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की तिच्या हातात दगड असता तर तिने मारला असता. स्टेडियमभर 'किती गोड' असा आवाज झाला. खाली कोपऱ्यात तारीख होती, त्याच वर्षीच्या जूनची.

"हे बघा, हे बघा," जुना समालोचक म्हणत होता, "या सद्गृहस्थांना बघा. हसून हसून पोट दुखतंय बिचाऱ्यांचं!"

पिशवी गदगदत होती. खांदे वर-खाली होत होते, थांबत होते, पुन्हा सुरू होत होते. कॅमेरा जवळ गेला. लोक हसले, तेव्हाचे आणि आताचेही. घराएवढ्या पडद्यावर वडिलांचे हात दिसत होते. गुडघ्यांवर पालथे ठेवलेले. जराही हलत नव्हते.

लूडीच्या शेजारी रॉनीचा हात थाप मारायला आपल्याच मांडीकडे गेला आणि मधेच थांबला.

"मंडळी, आपापल्या पिशव्या घाला!" निवेदक ओरडला.

लूडीने खिशातली पिशवी काढली. ती उलगडली. पिशवी डोक्यात घालून तिने ती हनुवटीपर्यंत खाली ओढली. आत छपाईच्या शाईचा वास होता, आणि तिच्या श्वासाचा आवाज फार मोठा होता.

"एक! दोन! तीन!"

हजारो पिशव्या हवेत उडाल्या. तोफ उडाली, बँड सुरू झाला, आणि मैदानाच्या त्या टोकाला सोनेरी मुकुटाचा झेंडा वर चढू लागला. रॉनीची पिशवी त्याच्या हातात होती. केल्सी कठड्यापाशी उभी राहून डोक्यावरून काहीतरी काढल्याच्या खुणा करत होती.

"पिशवी, मॅडम! पिशवी!"

लूडी हलली नाही.

"होम प्लेटपाशी आमच्या एक ताई अजून जुन्याच दिवसांत आहेत!" निवेदक म्हणाला. स्टेडियम खदखदून हसलं. पडद्यावर आता ती होती, छापील हसू या कानापासून त्या कानापर्यंत, आणि त्या हसण्याखाली कोट घातलेली एक बाई, जिचे खांदे वर-खाली होत होते.

रॉनी पडद्याकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे बघितलं. या कागदात काही मुरत नव्हतं. पाणी आतून घरंगळत खालच्या कडेला येत होतं. एक थेंब तिच्या कॉलरवर पडला, आणि थोड्या वेळाने दुसरा, खाली चुन्याच्या रेघेवर.

रॉनीने हातातली पिशवी डोक्यात घातली. घाईत ती उलटी बसली. डोळ्यांची भोकं मागे गेली. त्याने चाचपडत तिचा हात शोधला. तो मोठा, हॉट डॉगच्या मोहरीने चिकट झालेला हात तिने झटकला, आणि पुन्हा धरला.

"लूडी," तो आतून म्हणाला, "सगळे हसतायत."

"हसू दे त्यांना," ती म्हणाली. "तू मॅच बघ."