अक्का खोडलेलंही वाचतात

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. नवी होते तेव्हाही मी काही देखणी नव्हते. छापखान्यात पुस्तकं कापून उरलेले कागद बाइंडरने एकत्र शिवले आणि मला बांधलं. म्हणून माझी काही पानं रेघांची, काही कोरी, तर मधली थोडी निळसर आहेत. वर जाड पुठ्ठा, पाठीला काळं कापड. खळीचा वास कितीतरी दिवस माझ्या अंगाला होता.

छापखान्याच्या फोरमननी मला एका बाईंच्या घरी पोचतं केलं. खाली त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर घर. बाई रहस्यकथा लिहीत. साप्ताहिकात दर आठवड्याला एक प्रकरण छापून येई आणि लोक वाट पाहत बसत. मला वाटलं होतं, एवढ्या नावाजलेल्या लेखिकेला चांगलं टेबल असेल, त्यावर दौत असेल. पण बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायच्या. कुकर शिट्टी देईपर्यंत खून, शिट्टी झाली की वरण.

माझ्या पहिल्या पानावर असं लिहिलं आहे: "साबण. शिवायला दिलेले ब्लाउज आणणे. झोपेचं औषध दुधात कडू लागतं का? दुकानदाराला सहज विचारणे." बाईंनी खरंच विचारलं. त्या दिवसापासून औषधाचा दुकानदार यजमानांना भेटला की हळूच म्हणायचा, "जेवताना जरा जपून हं!"

बाईंची कथा आधी माझ्यात शिजायची. एकेका माणसाला त्या एकेक पान देत. तो काय खोटं बोलतो, कशाला घाबरतो, हे लिहीत आणि खोडत. पुन्हा लिहीत, पुन्हा खोडत. फक्त एक गोष्ट त्या कधीच लिहीत नसत. खून कुणी केला ते! त्याला कारण होत्या अक्का.

अक्का म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. त्यांचं अख्खं आयुष्य अक्षरओळखीवाचून गेलं होतं. केस पांढरे झाल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या आणि एक दिवस भावजयीला म्हणाल्या, "अगं, तू दिवसभर हे काय गिरवत असतेस, ते मला कळायला नको?" बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं. हाताशी दुसरं पुस्तक नव्हतं, म्हणून बाईंच्या कथांच्या कच्च्या वह्या म्हणजे माझ्या थोरल्या बहिणी, याच अक्कांची अंकलिपी झाल्या.

नवशिकी माणसं मोठ्याने वाचतात. अक्का तर खिडकीत, उजेडाला बसून वाचायच्या. एकदा त्यांनी एकेक अक्षर जुळवत, खणखणीत आवाजात वाचलं, "खु-नी, मे-हु-णा!" खाली दुकानात घड्याळं न्यायला आलेली गिऱ्हाईकं उभी होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. साप्ताहिकाच्या संपादकांनी डोक्याला हात लावला. तेव्हापासून बाईंनी नेम केला की खुनी कागदावर उतरवायचा नाही, तो डोक्यात ठेवायचा. अक्कांनाही बजावलं, "काही कळलं तरी तोंड उघडायचं नाही." अक्कांनी तो शब्द पाळला, जरा जास्तच पाळला.

मित्रांनो, आता माझ्या कथेकडे येते. माझ्यात एका म्हाताऱ्या संगीतशिक्षकाचा खून आहे. शेजारी घड्याळ पडून बंद पडलेलं, त्यात सहा वाजलेले. संशय चौघांवर: पुतण्या, डॉक्टर, माळी आणि शेजारीण. प्रकरणं छापून येत होती. लोक पैजा लावत होते. आता शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, आणि बाई तापाने आडव्या झाल्या.

ताप मोठा होता. बाई त्यातून उठल्या, चालू-बोलू लागल्या, भाजीत मीठही बरोबर पडू लागलं. एका सकाळी त्यांनी मला उघडलं, पेन हातात घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. मग यजमानांना हाक मारली.

"अहो, खून कुणी केला?"

यजमान डोळ्याला भिंग लावूनच वर आले. "कुणाचा?"

"माझ्या म्हाताऱ्याचा! मला आठवतच नाहीये."

बाईंनी मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग उलटं वाचलं. पुतण्याचं पान वाचलं की पुतण्याच खुनी वाटे. डॉक्टरचं वाचलं की डॉक्टर. "इतकी हुशारी कशाला केली मी?" त्या कळवळून म्हणाल्या. "माझाच चकवा मलाच लागला की!"

फोरमन येऊन बसले. साप्ताहिकाचं एक पान बाईंसाठी कोरं राखलं होतं. "बाई, कुणालाही एकाला धरा," ते म्हणाले. "पुतण्याला धरा. पुतण्यांबद्दल कुणाला काही वाटत नाही."

"असं नाही चालत," बाई म्हणाल्या. "खुणा मागेच छापून गेल्यात. वाचकाने मागे जाऊन पाहिलं तर त्याला पटायला हवं. फसवायचं, पण लबाडी करायची नाही. उद्यापर्यंत नाही आठवलं तर मी तसं छापून सांगेन, आणि लिहिणं थांबवेन." त्यांनी मला मिटून टेबलावर ठेवलं.

अक्का दारात बसून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "शेजारीण."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मला केव्हाचं माहीत आहे," अक्का म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तूच तर बजावलंस, तोंड उघडायचं नाही म्हणून! आता लिहिणं थांबवायच्या गोष्टी करायला लागलीस, तेव्हा उघडलं. लिहिणं थांबवलंस तर मी वाचू काय? धोब्याची यादी?"

यजमान हसले. "अक्का, अंदाजाने सांगतेस."

"अंदाज कसला? लिहिलंय की." अक्कांनी हात पुसले आणि मला ओढून घेतलं. पुतण्याचं पान उघडून त्या वाचू लागल्या. "पुतण्या रात्री उशिरा येतो. नको. पुतण्याच्या बुटाला चिखल. नको, माळ्याला देणे. पुतण्या..."

"अक्का, ते खोडलेलं आहे," बाई म्हणाल्या. "खोडलेलं वाचायचं नसतं."

अक्का थांबल्या. "वाचायचं नसतं? मग हे मला कधी सांगितलं नाहीस ते! मी तर पहिल्यापासून सगळं वाचते. मला वाटलं, रेघ मारली म्हणजे ते महत्त्वाचं."

फोरमननी तोंडावर हात धरला. पण बाई हसल्या नाहीत. त्या पुढे सरकल्या. "वाचा अक्का. पुढे वाचा."

"वाचायचंय काय! हा पुतण्या बघ, किती खोडलाय. डॉक्टर खोडलाय, माळी तर चिखलासकट खोडलाय. ज्यांनी काही केलेलं नाही, त्यांच्यावर संशय कसा आणावा म्हणून तुझी मारामार चालते. आणि ही शेजारीण." त्यांनी पान उलटलं. "म्हाताऱ्याचे हात थरथरतात, म्हणून दर आठवड्याला घड्याळाला किल्ली द्यायला येते. बोलणं गोड. एक रेघ नाही मारलेली. जिला तू पहिल्यापासून ओळखतेस, तिला खोडशील कशाला? मेहुण्याचंही पान असंच बिनखोडीचं होतं. आण ती जुनी वही."

फळीवरून माझ्या बहिणी खाली आल्या. एकेक उघडली गेली. प्रत्येकीत एकच पान स्वच्छ, आणि ते खुन्याचं. इतकी वर्षं आम्ही पोटात बाळगलेली ही गोष्ट आम्हालाही ठाऊक नव्हती, आणि बाईंनाही नव्हती.

यजमानांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "थांब. धुणेवालीने दुपारी काय ऐकलं होतं म्हणून छापलंस? घड्याळाने टोले दिले आणि लगेच पुन्हा दिले?"

"हो. पण ते का लिहिलं ते आठवत नाही."

"मीच तुला सांगितलं होतं. टोल्याचं घड्याळ पुढे न्यायचं तर प्रत्येक तासाला थांबून टोले पडू द्यावे लागतात, नाहीतर टोले चुकतात. परका माणूस काटे सरळ फिरवून मोकळा होतो. हे सवयीच्या हाताचं काम आहे. दुपारी खून केला, घड्याळ सहावर नेलं आणि पाडलं. सहाला शेजारीण..."

"गाण्याच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर!" बाई ओरडल्या. "आठवलं! अहो, सगळं आठवलं!"

त्यांनी तिथेच लिहायला सुरुवात केली. फोरमन शेंगा सोलायला बसले. शेवटचं प्रकरण माझ्या निळसर पानांवर आहे आणि त्यात भरपूर खाडाखोड आहे. ते छापून आलं तेव्हा लोकांनी जुने अंक काढून पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. बाई फार सुखावल्या.

पुढे त्या कथेचं पुस्तक झालं. त्याला रंगीत वेष्टन मिळालं, कपाटात काचेआड जागा मिळाली. मी काही वर्षं दुकानातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होते. माझा एक कोपरा तिथेच चेपला. मग अक्कांनी मला ओळखलं, उपसून काढलं आणि भावाला झापलं, "अरे, माझं पुस्तक आहे ते!" तेव्हापासून मी त्यांच्या उशाजवळ असते. मी मजेत आहे.

माझ्यानंतरच्या वहीत बाईंनी एक शक्कल लढवली. अक्कांना चकवायचं म्हणून त्यांनी खुन्याचंही पान मुद्दाम खोडून ठेवलं. अक्कांनी ते खिडकीत नेलं, बोट फिरवत वाचलं आणि परत आणून दिलं. "ही खाडाखोड खोटी आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यात तुझा जीव कासावीस झालेला दिसत नाही."

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या घरी एखादी कच्ची वही असेल तर ती रद्दीत टाकू नका, टेबलाखालीही घालू नका. छापलेलं पुस्तक सगळेच जपतात. माझ्यासारखीला उजेडात न्या, आणि कुणी मारलेली रेघ दिसली तर तिच्याखालचंही सावकाश वाचा. मोठ्याने वाचलंत तरी चालेल. फक्त आधी खिडकी लावून घ्या.