डोळे मिटून उभं राहा

घरातली धाकटी सून शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवर बसे. तिची नणंद तिथंच सगळ्यांवर देखरेख करी. पायडलवर पाय आहे की नाही, हे धाकटीला वाकून बघावं लागायला लागलं, तेव्हा नणंदेनं तिला भर कारखान्यात उठवलं. "कामाचा कंटाळा आलाय हिला. नुसती नाटकं. बैस घरी."

घरी ती भिंत धरून चालू लागली. शेवटी नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थरथरणारा, चिमट्यासारखा धातूचा काटा तिच्या घोट्याला टेकवला. तिला थरथर जाणवलीच नाही. डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली केला. वर की खाली, हे तिनं उलटंच सांगितलं. स्पर्श, थरथर आणि हातपाय कुठं आहेत याची खबर मेंदूकडे नेणारी मज्जारज्जूची मागची बाजू बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वाअभावी खराब झाली होती. "लवकर यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या वर्षी नणंद बेसिनपाशी तोंड धूत होती. साबणामुळे डोळे मिटले आणि ती धाडकन नळावर आदळली.

"पाय घसरला," ती म्हणाली.

फरशी कोरडी ठणठणीत होती. धाकटीनं टॉवेल दिला, पण अवाक्षर काढलं नाही. नणंद पाय फाकवून, जमिनीकडे बघत चालू लागली. धाकटीला जेवण गोड लागू लागलं.

एका दुपारी नणंद तिच्या खोलीत आली. "तुला नक्की काय झालं होतं गं?"

"नाटकं, वन्सं. तुम्हीच म्हणाला होतात."

नणंद कॉटवर टेकली. "पाय माझे राहिलेच नाहीत. घरात कुणाला सांगू नकोस. काय करू ते सांग."

"सांगेन. उद्या, कारखान्यात, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी मशीन थांबल्या. "पाय जुळवा, डोळे मिटा," धाकटी म्हणाली. नणंद डोलू लागली. धाकटीनं हात पुढे केला नाही. नणंद कापडाच्या ढिगावर कोसळली. कुणी हसलं नाही.

"मलाही हेच झालं होतं," धाकटी म्हणाली आणि डॉक्टरांचा पत्ता सांगितला.

नणंद वेळेत पोचली. इंजेक्शनांनी ती खडखडीत बरी झाली. धाकटीला मात्र अजून प्रत्येक पायरी बघून उतरावी लागते. नणंदेनं माफी मागितली, कामावर बोलावलं. धाकटी गेली नाही.

"आता तरी राग सोड की," नवरा म्हणाला.

"घाईच केली मी," ती भाजी चिरत म्हणाली. "अजून थोडे महिने गप्प बसायला हवं होतं."

नवऱ्यानं हातातला कप खाली ठेवला. ती थट्टा करत नव्हती.